रसदीचा अरुंद दुवा : युद्धोत्तर बांगलादेशातील मदतकार्याची दैनंदिन व्यवस्था (१९७२–१९७४)

१. विषयाचे स्वरूप

'रसद' हा शब्द मराठी वाचकास प्रामुख्याने लष्करी इतिहासातून परिचित आहे. पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या अखेरीस मराठ्यांची रसद तुटली आणि निर्णायक लढाई होण्यापूर्वीच छावणीत उपासमार सुरू झाली, हे सर्वश्रुत आहे. सैन्याच्या बाबतीत रसदीचे महत्त्व कोणी नाकारीत नाही. परंतु युद्ध संपल्यानंतर उद्ध्वस्त देशात जे मदतकार्य सुरू होते, त्याचा विचार करताना मात्र रसदीकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. कोणत्या राष्ट्राने किती धान्य दिले, किती निधी जमला, किती डॉक्टर पाठविले, यांचे आकडे वृत्तपत्रांत व अहवालांत ठळकपणे येतात. ते धान्य बंदरातून गावाच्या वेशीपर्यंत कोणी, कशातून, किती दिवसांत नेले आणि वाटेत ते कोठे अडून राहिले, याची माहिती परिशिष्टात गेलेली असते.

वस्तुतः युद्धोत्तर मदतकार्याचे यशापयश पुष्कळ अंशी या परिशिष्टातच दडलेले असते. मदतीचे प्रमाण देणाऱ्यांच्या औदार्यावर अवलंबून असते हे खरे. तथापि ती पोहोचण्याचे प्रमाण वाहतुकीच्या साखळीतील सर्वांत अरुंद दुव्यावर अवलंबून असते. हा दुवा एका ठिकाणी स्थिर राहत नाही. एक रुंद केला की अडचण पुढच्या दुव्यावर जाते. आणि साखळी अखेरपर्यंत सुरळीत झाली तरी तिच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती धान्य पडेलच, याची हमी नसते. या तीनही गोष्टी स्पष्ट होण्यासाठी १९७१ च्या युद्धानंतरच्या बांगलादेशाचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

२. डिसेंबर १९७१ अखेरची परिस्थिती

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. त्या वेळी सुमारे एक कोटी निर्वासित भारतात होते. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने किनाऱ्यालगतच्या प्रदेशाची आधीच धूळधाण केली होती. त्यावर नऊ महिन्यांच्या संघर्षाची भर पडली. निर्वासितांच्या परतीचा वेग असाधारण होता. जानेवारी १९७२ मध्ये दररोज सरासरी २,१०,००० माणसे सीमा ओलांडून परत जात होती. जानेवारीअखेर सुमारे ६० लाख, तर फेब्रुवारीअखेर ९० लाखांहून अधिक लोक स्वदेशी परतले होते. निघताना त्यांना प्रवासापुरते अन्न, औषधोपचार आणि दोन आठवड्यांचा मूलभूत शिधा देण्यात येत असे.

रसदीच्या दृष्टीने पाहता 'दोन आठवडे' ही या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची संख्या होय. परतणाऱ्या प्रत्येक कुटुंबाबरोबर एक मुदत चालत होती. ती संपण्याच्या आत त्या कुटुंबाच्या गावाजवळ धान्य पोहोचणे आवश्यक होते. दरडोई दररोज ४०० ग्रॅम हा हिशेब धरला, तर एक कोटी लोकांस दिवसाला ४,००० टन धान्य लागते. पाच टनी मालमोटारींच्या हिशेबाने या एका दिवसाच्या ८०० खेपा होतात. देशाची एकूण लोकसंख्या सात ते साडेसात कोटींच्या घरात होती. साडेसात कोटींसाठी याच दराने दिवसाला ३०,००० टन लागतात. म्हणजे १०,००० टनांचे एक जहाज साऱ्या देशाला केवळ आठ तास पुरेल. सारा देश मदतीवर जगत नव्हता, हे उघड आहे. परंतु 'दहा हजार टनांचे जहाज आले' या बातमीचे खरे वजन या भागाकारावरून ध्यानात येते.

धान्य आले तरी ते नेण्याचे मार्ग तुटलेले होते. सुमारे ३०० रेल्वेपूल आणि जवळजवळ तितकेच रस्त्यांवरील पूल निकामी झाले होते. चितगाव बंदराच्या प्रवेशमार्गात सुरुंग होते आणि कर्णफुली नदीच्या पात्रात बुडालेली जहाजे होती. चालना बंदराकडे जाणाऱ्या जलमार्गातही बुडालेल्या जहाजांचा अडथळा होता.

या हानीचा अर्थ समजण्यासाठी देशाची रचना लक्षात घेतली पाहिजे. ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह, ज्याला बांगलादेशात जमुना म्हणतात, देशाला पूर्व व पश्चिम अशा दोन भागांत विभागतो. त्या काळी या प्रवाहावर एकही पूल नव्हता. पूर्वेकडील रेल्वे मीटरमापी, तर पश्चिमेकडील मुख्यतः रुंदमापी होती. दोहोंचा संबंध बहादुराबाद–तिस्तामुख यांसारख्या घाटांवरील तरींच्या द्वारेच येत असे. चितगाव बंदराचा माल ढाक्याकडे रेल्वेने नेताना मेघना नदीवरील भैरव येथील पूल ओलांडावा लागे. तो पूल डिसेंबर १९७१ मध्ये उद्ध्वस्त झाला होता. खुलना–चालना बाजूचा माल उत्तरेस रंगपूर–दिनाजपूरकडे नेताना पद्मेवरील हार्डिंज पूल ओलांडावा लागे. १९१५ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाची एक कमान नदीत कोसळली होती. अशा रीतीने दोन पूल तुटताच दोन्ही बंदरे आपापल्या पाठप्रदेशापासून तुटली. बंदरात धान्य असताना चारशे-पाचशे किलोमीटरवरील जिल्ह्यात ते नसणे, यात अशा परिस्थितीत आश्चर्य नव्हते.

३. बंदर : पहिला अडथळा

डिसेंबर १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रांची 'अनरॉड' ही योजना अस्तित्वात आली. तिच्या नावात देशाचा उल्लेख नव्हता, केवळ ढाका शहराचा होता. बांगलादेशाला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व १७ सप्टेंबर १९७४ रोजी मिळाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या नावातील सावधपणा कळतो. न्यूयॉर्क येथून या योजनेची सूत्रे सर रॉबर्ट जॅक्सन यांच्याकडे होती. दुसऱ्या महायुद्धात कैरो येथील मध्यपूर्व पुरवठा केंद्रात आणि त्यानंतर युद्धोत्तर युरोपातील 'अनरा' या प्रचंड मदतयोजनेत त्यांनी वरिष्ठ पदांवर काम केले होते. जहाजातील जागा ही दुर्मीळ वस्तू असून तिची वाटणी शिस्तीने करावी लागते, हा त्या दोन्ही कार्यांचा धडा होता. बांगलादेशात त्याचीच पुनरावृत्ती झाली.

चितगाव बंदरातील सुरुंग आणि बुडालेली जहाजे काढण्याचे काम मार्च १९७२ मधील करारानुसार सोव्हिएत नौदलाने हाती घेतले. एप्रिल १९७२ ते जून १९७४ पर्यंत ते चालू होते. गाळाने गढुळलेल्या, भरती-ओहोटीच्या जोरदार ओढीच्या पाण्यात पाणबुड्यांना प्रायः चाचपडतच काम करावे लागे. या कार्यात १९७३ मध्ये एका तरुण सोव्हिएत खलाशाचा मृत्यू झाला. चितगावजवळ पतेंगा येथे त्याची समाधी आहे. बंदर मोकळे करणे म्हणजे युद्धाचाच उरलेला भाग पार पाडणे होते, हे यावरून दिसते.

बंदर मोकळे झाले तरी मोठी धान्यवाहू जहाजे थेट धक्क्याला लागू शकत नव्हती. नदीमुखाशी पाण्याची खोली मर्यादित असल्यामुळे मोठे जहाज बाहेर समुद्रात नांगरून त्यातील काही माल लहान जहाजांत व पडावांत उतरवावा लागे. जहाज पुरेसे हलके झाले म्हणजे ते आत येऊ शके, किंवा सर्व माल बाहेरच उतरविला जाई. या पद्धतीत पडावांची संख्या, समुद्राची स्थिती आणि भरतीची वेळ या तीन गोष्टी निर्णायक ठरतात. नैर्ऋत्य मान्सूनच्या काळात उघड्या समुद्रातील हे काम कित्येक दिवस थांबते. जहाज मात्र भाड्याचे असते आणि ठरलेल्या मुदतीपलीकडे ते खोळंबले की प्रत्येक दिवसाचा विलंब-आकार द्यावा लागतो. हा खर्च कोणाही उपाशी माणसाच्या पानात पडत नाही.

धान्य सुटे येते की पोत्यांत भरून येते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. सुटे धान्य जहाजात लवकर भरता येते व त्याचे भाडेही कमी पडते. ते उतरविण्यासाठी मात्र शोषक यंत्रे लागतात आणि उतरविल्यावर पोत्यांत भरावे लागते. यंत्र असेल, पण पोती नसतील तर काम थांबते. पोती असतील, पण ती शिवण्यास सुतळी आणि दाभण नसेल तरी काम थांबते. तागाचे माहेरघर असलेल्या देशातही योग्य वेळी, योग्य ठिकाणी, पुरेसे रिकामे बारदान उपलब्ध करणे ही स्वतंत्र व्यवस्था होती.

४. अरुंद दुव्याचे गणित

आतापर्यंतच्या विवेचनातील तत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. समजा, धक्क्यावर दररोज २,००० टन धान्य उतरते. तेथून रेल्वे व नावा मिळून दररोज १,२०० टन पुढे जाते. आणि जिल्ह्याच्या कोठारातून गावांकडे दररोज १,५०० टन नेण्याची क्षमता आहे. या साखळीतून गावाला दररोज १,२०० टनच मिळेल. धक्क्यावर दररोज ८०० टन साचत जाईल आणि दहा दिवसांत ८,००० टनांचा ढीग होईल. गुदाम भरले की उतरविणे बंद होईल व जहाजे बाहेर रांगेत उभी राहतील. या अवस्थेत परदेशातून आणखी एक जहाज धाडणे म्हणजे रांग वाढविणे होय.

आता पूल दुरुस्त होऊन दुसऱ्या दुव्याची क्षमता १,२०० वरून २,००० टनांपर्यंत गेली, असे समजा. गावाला २,००० टन मिळतील, अशी सकृद्दर्शनी अपेक्षा निर्माण होते. प्रत्यक्षात १,५०० टनच मिळतील, कारण अरुंद दुवा आता जिल्हा ते गाव या टप्प्यावर सरकला आहे. उरलेले ५०० टन दररोज जिल्ह्याच्या कोठारात साचतील आणि तेथे छप्पर अपुरे असेल तर पहिल्या पावसात भिजतील. रसद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे मुख्य काम आज अडथळा कोठे आहे हे ओळखणे, आणि तो दूर झाल्यावर उद्या कोठे निर्माण होईल याची तयारी आजच करणे, हे असते.

हार्डिंज पुलाचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. भारतीय साहाय्याने त्याची दुरुस्ती होऊन १२ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यावरून वाहतूक पुन्हा सुरू झाली. भैरवचा पूल १९७३ मध्ये पूर्ववत झाला. या दोन तारखांच्या आधीचा आणि नंतरचा काळ यांत धान्याचे तेच आकडे निरनिराळा अर्थ धारण करतात. पूल तुटलेला असतानाचा एक टन आणि पूल जोडल्यानंतरचा एक टन हे उत्तरेकडील जिल्ह्याच्या दृष्टीने सारखे नव्हेत.

५. नद्या, नावा आणि ऋतू

रस्ते व लोहमार्ग तुटल्यानंतर देश ज्यावर तगला, ती त्याची प्राचीन वाहतूकव्यवस्था, म्हणजे नदी आणि देशी नाव. दहा-वीस टनांची शिडाची वा वल्ह्यांची नाव मंद असते. परंतु तिला इंधन लागत नाही, सुटे भाग परदेशांतून मागवावे लागत नाहीत, आणि पूल तुटल्याने तिचे काही अडत नाही. दहा हजार टनांचे जहाज रिकामे करण्यास वीस टनी नावांच्या ५०० खेपा लागतात, हे खरे. पण त्या ५०० नावा देशात असतात आणि त्या खेपांचे भाडे नावाड्यांच्या घरी जाते.

या वाहतुकीला ऋतूंचे बंधन आहे. पावसाळ्यात कच्चे रस्ते नाहीसे होतात आणि नाव जवळजवळ प्रत्येक गावाच्या काठाशी जाऊ शकते. हिवाळा व उन्हाळा या काळांत लहान नद्या आटतात, नाव मध्येच गाळात रुतते आणि बैलगाडीचा मार्ग खुला होतो. या दोहोंमधील संधिकाळ सर्वांत कठीण असतो, कारण त्या काही आठवड्यांत नाव चालत नाही आणि गाडीही चालत नाही. म्हणून कोठारे भरण्याचे वेळापत्रक दात्यांच्या आर्थिक वर्षाप्रमाणे न आखता नदीच्या वर्षाप्रमाणे आखावे लागते. दुर्गम भागातील कोठार मार्ग बंद होण्यापूर्वी भरले नाही, तर पुढे धान्य असूनही उपयोग होत नाही.

मोठ्या नद्या ओलांडणाऱ्या मालमोटारींसाठी तरींची गरज होती. या गरजेला उत्तर म्हणून ब्रिटनमधील ऑक्सफॅम या संस्थेने मालमोटारी वाहणाऱ्या तीन तरी पुरविल्या व अनेक जुन्या तरींच्या दुरुस्तीला साहाय्य केले. कामिनी, कस्तुरी आणि करबी अशी फुलांची नावे त्या तरींना देण्यात आली आणि पुढे कित्येक दशके त्या चालू राहिल्या. मदतीचा निधी धान्यावर खर्च न करता तरीवर खर्च करणे हे वरवर पाहता उपाशी माणसाकडे पाठ फिरविण्यासारखे वाटते. परंतु अडथळा घाटावर असेल, तर घाटापलीकडील माणसाला तरीशिवाय दुसरे कोणतेही साधन अधिक अन्न देऊ शकत नाही.

सिल्हेट जिल्ह्यातील शाल्ला या सखल, जलमय भागातील कामही याच दृष्टीने उद्बोधक आहे. फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या 'ब्रॅक' या संस्थेचे कार्य तेथे सुरू झाले. परतलेल्या लोकांची घरे उभारण्यासाठी बांबू हवा होता आणि तेथे जाण्यास रस्ता नव्हता. आसामातून बांबू आणून तो कुशियारा नदीच्या प्रवाहातून खाली सोडण्यात आला. येथे माल हेच वाहन झाले. पहिल्या टप्प्यातच हजारो घरे उभी राहिली आणि मच्छीमारांसाठी नावाही बांधण्यात आल्या. नाव ही एकाच वेळी उपजीविकेचे साधन आणि पुढील मदतीचे वाहन असल्यामुळे या खर्चाचे फळ दुहेरी होते.

६. कोठार, पोते आणि कागद

मदतकार्याचा सर्वांत मोठा दैनंदिन भाग कोठारात चालतो. बांगलादेशात मोठ्या शहरांजवळ मध्यवर्ती साठागृहे आणि त्यांच्याखाली थान्याच्या पातळीवरील स्थानिक पुरवठा कोठारे अशी रचना पूर्वीपासून होती. मदतीचे बहुतेक धान्य याच सरकारी व्यवस्थेतून पुढे जात असे. कोठारातील नियम साधे आहेत, परंतु ते मोडल्याचे परिणाम मोठे होतात. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावी लागतात. थप्पी भिंतीपासून दूर असावी लागते, म्हणजे हवा खेळते व मोजणी करता येते. जे आधी आले ते आधी गेले पाहिजे. आणि प्रत्येक थप्पीवर आवकजावकेची चिठ्ठी असली पाहिजे. ओलावा, उंदीर आणि किडे हे कोठाराचे कायमचे भागीदार होत. ते किती भाग खातील, हे कारकुनाच्या दक्षतेवर ठरते.

माल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी पावती होते. पाठविलेली पोती, पोहोचलेली पोती, फाटलेली पोती आणि सांडलेले धान्य गोळा करून भरलेली पोती असे चार आकडे त्या पावतीवर असतात. पहिल्या दोन आकड्यांत तफावत पडली की तिला 'तूट' म्हणतात. तूट चोरीमुळे पडते, त्याचप्रमाणे ओलसर धान्य वाळल्याने, वजनकाट्याच्या दोषाने आणि मोजणीतील चुकीनेही पडते. कागद नीट असेल, तर ही कारणे वेगळी करता येतात. कागद नसेल, तर प्रत्येक तूट चोरी ठरते आणि प्रत्येक चोरी 'नैसर्गिक घट' म्हणून लपविता येते. म्हणून पावतीपुस्तक ही मदतकार्यातील नैतिक वस्तू आहे. प्रामाणिक कोठारपालाचे रक्षण आणि अप्रामाणिकाचा शोध या दोहोंचे दुसरे साधन त्या परिस्थितीत उपलब्ध नसते.

वाहनांच्या बाबतीतही हाच अनुभव येतो. निरनिराळ्या राष्ट्रांनी निरनिराळ्या बनावटीच्या मालमोटारी दिल्या, तर प्रत्येक बनावटीचे सुटे भाग, प्रत्येकीचे तंत्र जाणणारा कारागीर आणि प्रत्येकीची हत्यारे वेगळी लागतात. शंभर मालमोटारींचा ताफा दहा बनावटींचा असेल, तर तो व्यवहारात दहा-दहांच्या दहा ताफ्यांसारखा वागतो. एकीचा बिघाड दुसरीच्या भागांनी दुरुस्त होत नाही. इंधनाचा पुरवठा हा त्याहून मूलभूत प्रश्न असतो, कारण इंधन स्वतःच रसद असून त्यालाही त्याच तुटलेल्या मार्गांनी यावे लागते.

७. चलन आणि माणसे

हमाल, नावाडी, मापाडी, पहारेकरी आणि चालक यांना दररोज वा दर आठवड्यास मजुरी द्यावी लागते. ती उधारीवर चालत नाही, कारण त्यांच्याही घरी शिल्लक नसते. नव्या देशात चलनाचाच प्रश्न होता. ४ मार्च १९७२ रोजी बांगलादेशाने आपल्या 'टका' या चलनाच्या नोटा प्रथम प्रसृत केल्या. या पहिल्या नोटा भारतात, नाशिक येथील सुरक्षा मुद्रणालयात छापलेल्या होत्या. बनावट नोटांच्या प्रसारामुळे भारतात छापलेल्या या नोटा पुढे लवकरच मागे घ्याव्या लागल्या. चलनाची छपाई, ते बँकांच्या शाखांपर्यंत नेणे आणि सुट्या पैशांची उपलब्धता यांचा धान्याच्या वाहतुकीशी प्रत्यक्ष संबंध येतो. शंभराची नोट वीस हमालांत वाटता येत नाही.

मदतसंस्थांच्या आगमनाने स्थानिक बाजारावरही परिणाम होतो. राजधानीतील घरभाडी वाढतात. इंग्रजी जाणणारा शिक्षक दुभाषी होतो आणि सरकारी कार्यालयातील अनुभवी कारकून अधिक वेतनावर परकीय संस्थेत जातो. मदतसंस्थेचे कार्यालय सक्षम होते, परंतु ज्या शासकीय कोठारावर तिचे धान्य अवलंबून असते तेथील हिशेबनीस नाहीसा होतो. अशा वेळी संस्थेने स्वतःच आपल्या साखळीतील एक दुवा अरुंद केलेला असतो.

८. अखेरचा दुवा : वाटप

जानेवारी १९७२ पासून वाटपासाठी स्थानिक मदतसमित्या स्थापन झाल्या. त्यांतील नेमणुकांवर सत्ताधारी पक्षाचा प्रभाव होता आणि पक्षपाताच्या तक्रारी सार्वत्रिक होत्या. त्याशिवाय देशात शिधावाटपाची जुनी पद्धती होती. ढाका, नारायणगंज, चितगाव, खुलना यांसारख्या शहरांत सर्वांना निश्चित शिधा मिळे. ग्रामीण भागात 'सुधारित' शिधावाटप असे. तेथील शिधा अल्प व अनिश्चित होता. धान्य कमी पडले की शहरांचा व प्राधान्य असलेल्या वर्गांचा वाटा आधी राखला जाई. बंदर, रेल्वे आणि मोठी कोठारे ही सर्व शहरांजवळ असल्याने रसदीचा सोपा मार्ग आणि सत्तेचा सोपा मार्ग एकच झाला. गावातील भूमिहीन मजूर दोन्ही मार्गांच्या टोकाला होता.

याची प्रचीती १९७४ मध्ये आली. संयुक्त राष्ट्रांची विशेष मदतयोजना डिसेंबर १९७३ अखेर संपली होती. पूल जोडले गेले होते, बंदर जवळजवळ मोकळे झाले होते. त्या वर्षीच्या पुराने लावणीची कामे बुडाली, मजुरी गेली आणि तांदळाचे भाव भराभर चढले. रंगपूर, मैमनसिंग आणि सिल्हेट या जिल्ह्यांत दुष्काळाचा कहर झाला. सरकारने ५,८६२ लंगरखाने उघडले. त्यांतून ४३ लाखांहून अधिक लोकांना शिजविलेले अन्न दिले जात होते. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे २६,००० माणसे मृत्युमुखी पडली. अन्य अभ्यासकांचे अंदाज याच्या कित्येक पट आहेत.

याच वर्षी तागाच्या पोत्याला अनपेक्षित महत्त्व आले. बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली होती, आणि क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशास अन्नसाहाय्य देण्यास अमेरिकेचा कायदा प्रतिबंध करीत होता. या कारणाने अमेरिकेचे धान्य अडले. विक्री बंद करण्यात आल्यानंतर ते सुटले. परंतु तोवर दुष्काळाचा सर्वांत कठीण काळ उलटून गेला होता. ज्या पोत्यांवाचून बंदरातील धान्य हलत नव्हते, त्याच पोत्यांच्या विक्रीमुळे या वेळी धान्य बंदरापर्यंतच आले नाही. त्या शरद ऋतूत साखळीतील अरुंद दुवा वॉशिंग्टनमध्ये होता.

तथापि एवढ्यावरून सर्व दोष आयातीतील विलंबास देणे बरोबर होणार नाही. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्य व दुष्काळविषयक ग्रंथात असे दाखवून दिले, की १९७१ ते १९७५ या वर्षांत दरडोई उपलब्ध धान्याचे प्रमाण १९७४ मध्येच सर्वाधिक होते. लोक मेले ते देशात धान्य नव्हते म्हणून नव्हे. मजुरी बुडालेल्या माणसाला ते धान्य विकत घेता येत नव्हते आणि शिधापत्रिकेचा हक्कही त्याला नव्हता. टनांत मोजणाऱ्या कोष्टकात हा दुवा दिसत नाही. तो दिसण्यासाठी धान्य कोठपर्यंत आले याबरोबर ते कोणाच्या हक्काचे आहे, हा प्रश्नही विचारावा लागतो.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, युद्धोत्तर मदतीचे मोजमाप दिलेल्या मालावरून न करता पोहोचलेल्या मालावरून केले पाहिजे, आणि त्यासाठी बंदर, मार्ग, कोठार व वाटप या प्रत्येक टप्प्याचा स्वतंत्र हिशेब ठेवला पाहिजे. दुसरी, मदतीचा काही भाग नाव, तर, पूल, पावतीपुस्तक आणि प्रशिक्षित हिशेबनीस यांवर खर्च करणे हे चैनीचे काम नसून प्रत्यक्ष अन्नदानच आहे. तिसरी, आणीबाणीत उभारलेली साधने देशात टिकून राहतील अशी असावीत. देशी नावेचा आणि तीन फुलांच्या नावांच्या तरींचा अनुभव याची साक्ष देतो. चौथी, साखळीचा अखेरचा दुवा वाहतुकीचा नसून हक्काचा असतो, आणि तेथे अडलेले धान्य कोणत्याही पुलाने पुढे जात नाही.

जमुना नदीवर १९९८ मध्ये आणि पद्मेच्या खालच्या प्रवाहावर २०२२ मध्ये पूल झाले. १९७२ मध्ये जेथे घाटावर मालमोटारींची रांग लागत असे, तेथील पुष्कळ वाहतूक आता पुलांवरून जाते. बांगलादेशाचा तत्कालीन प्रश्न अशा रीतीने बहुतांशी इतिहासजमा झाला असला, तरी ज्या ज्या देशात युद्ध नुकतेच संपलेले असते, तेथे तो नव्या भूगोलासह पुन्हा उभा राहतो. अशा कोणत्याही मदतकार्याचा अभ्यास करताना किती टन आले, कोठे किती दिवस थांबले आणि अखेर कोणाच्या नावे जमा झाले, या तीन आकड्यांची एकत्र मांडणी केल्यास मदतीचे खरे स्वरूप स्पष्ट होऊ शकेल.